सहावा रकाना

तीन दिवस आम्हाला ऐकायला शिकवलं. सव्वीस वर्षं मी पशुवैद्यकीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवतेय, आणि चौपन्नाव्या वर्षी मला म्हणे ऐकायचं कसं ते शिकवणार! पण हुकूम तो हुकूम. गेल्या हिवाळ्यात वसतिगृहातल्या एका मुलाने जीव दिला, तेव्हापासून वरचे जागे झाले होते. प्रत्येक तुकडीच्या वर्गपालकाने प्रशिक्षण घ्यायचं, असा कागद आला.

शिकवायला राजधानीतून, बिश्केकहून, अलिमान नावाची मुलगी आली होती. माझ्या धाकट्या लेकीएवढी असेल. तिने आम्हाला जोड्या करून नाटकं करायला लावली. आमच्याकडे सरांना आगाय म्हणतात आणि बाईंना एजे; तर शरीरशास्त्राचे कुबात आगाय दुःखी विद्यार्थी झाले आणि टेबलावर डोकं आपटून "माझी मेंढी हरवली हो" म्हणून रडायला लागले. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. अलिमान बिचारी लाल झाली, पण चिकाटीची. "पोरगं बोललं तर ते तुमच्यापाशी राहू द्या," ती परत परत सांगत होती. "जिवाला धोका असेल तरच पुढे सांगा." मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. मी असली कामं मनापासून करते, ही माझी खोड आहे.

माझ्या तुकडीत पेरिझात होती. तिसऱ्या वर्षाची, पहिल्या बाकावरची. तिचा हात इतका सरळ की प्रयोगात एक थेंब जास्त पडायचा नाही. त्या महिन्यात मात्र तिने दोनदा अख्खी नळी रिकामी केली आणि तशीच बघत उभी राहिली. एरवी मी खडसावलं असतं. या वेळी प्रयोगशाळेत थांबवून घेतलं, दुधाचा चहा केला आणि विचारलं, "तुला कसं वाटतंय, पोरी?"

असं मी आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. स्वतःच्या मुलींनासुद्धा नाही.

तिचा थोरला भाऊ मॉस्कोत बांधकामावरून पडून वारला होता. घरच्यांनी तिला चाळीस दिवस कळू दिलं नाही. परीक्षा होती ना! वाईट बातमी वडीलधारे योग्य वेळ बघून सांगतात, आमच्याकडे हे असंच चालतं. मीसुद्धा तसंच केलं असतं.

"अख्ख्या गावाला ठाऊक होतं, एजे," ती म्हणाली. "शोकाच्या तंबूत बायका त्याच्यासाठी रडत होत्या आणि मी फोनवर आईला हसून सांगत होते, पेपर सोपा गेला म्हणून. आई म्हणाली, शाब्बास."

"आता झोपतेस का?"

"नाही. मरायचं वगैरे नाहीये हां मला. नुसतं झोपायचंय. आणि एजे, घरी सांगू नका. बाबांना कळलं तर डोकं फिरलं म्हणून घरी बसवतील. माझ्या चुलतबहिणीला तसंच बसवलं. ती परत आलीच नाही शिकायला."

"मी कशाला सांगते? वेडी कुठली!"

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती यायला लागली. मी काही विशेष करत नव्हते हो. ती बोलायची, मी तळलेल्या बोरसोकची ताटली पुढे सरकवायची. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "काल सहा तास झोपले." मला इतका आनंद झाला की घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नाव नाही सांगितलं, नुसतं एक पोरगी झोपली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यात काय?" शुक्रवारी तिचा प्रयोग पुन्हा थेंबावर आला.

मग तक्ता आला. प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे वर दाखवायला नको? प्रत्येक तुकडीतून "धोक्यातले" विद्यार्थी लिहून द्यायचे, कमीत कमी दोन. शून्य चालणार नाही, असं डीनच्या कचेरीतून बजावलं. म्हणजे दुःखाचंही लक्ष्य ठरलं, बटाट्याच्या पिकासारखं.

कुबात आगायनी आपल्या तुकडीतले दोन पैलवान लिहून टाकले. "हे दोघे मेंढा काखेत मारून डोंगर चढतील," ते म्हणाले, "पण कागदावर फार उदास आहेत. बुरूल, तूही लिही कुणाचंही आणि मोकळी हो."

"खोटं कसं लिहू?" मी म्हणाले. केवढा तोरा होता मला तेव्हा! दोन नव्हे, एकच नाव लिहिलं, पण खरं लिहिलं. पेरिझातचं. नोंद केली की बिश्केकहून एखादा खरा डॉक्टर येईल, तिला मदत मिळेल, असं वाटलं होतं. फक्त सहावा रकाना कोरा ठेवला. तिथे वडिलांचा फोन नंबर मागितला होता.

दुसऱ्या दिवशी डीननी बोलावलं. तोक्तोसून आगाय वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. माझ्या सासऱ्यांच्या मातीला ते आले होते.

"एकच नाव दिलंस, ते चालवून घेतो. पण रकाना रिकामा का?"

"तिने घरी सांगू नका म्हटलंय. मी शब्द दिलाय."

"अगं, कागद बिश्केकला जाऊन कपाटात पडणार. कोण वाचतंय? पण मोकळी जागा दिसली की बोलणी मला बसतात." मग चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "आणि बुरूल, पोरं आई-बापांची असतात. तुझ्या लेकीला असं झालं आणि तुझ्यापासूनच लपवलं तर तुला चालेल?"

खरं सांगू? मला ते पटलं. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही. मीच पेन काढलं, तुकडीच्या वहीतून नंबर बघून उतरवला आणि एकेक आकडा ताडूनही पाहिला.

कागद कपाटात गेला नाही. डीनच्या लेखनिक बाईने आठवड्याभरात सगळ्या आई-बापांना फोन लावले. पैलवानांचे बाप फोनवरच हसले. पेरिझातचा बाप हसला नाही. आपल्या दोन भावांना घेऊन गाडीने आला.

तिघेही डोक्यावर पांढऱ्या टोप्या घालून माझ्या दाराशी अदबीने उभे राहिले. माझ्यासाठी मानाचं म्हणून घोड्याचं मांस आणलं होतं, स्वच्छ फडक्यात बांधून. बापाने दोन्ही हातांनी माझा हात धरला. "एजे, पोरगा गेला, पोरगीही हातची गेली असती. तुम्ही वाचवलंत. देव तुमचं भलं करो." त्याचे डोळे भरले होते. मी म्हणाले, "अहो, ती बरी होत आलीय, तिला राहू द्या." तो म्हणाला, "हो हो, बरी होईल. मुल्लांना दाखवू. आईजवळ राहील." माझं बोलणं त्याने ऐकलं, पण मोठ्या मनाच्या बाईचं ऐकावं तसं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेरिझात दुपारी आली. कॉलेज सोडायचं तर कागदावर आठ सह्या लागतात. ग्रंथालयाची, वसतिगृहाची, सगळ्यांच्या झाल्या होत्या. वर्गपालकाची शेवटची.

"मी सही करत नाही," मी म्हणाले. "थांब तू. मी परत बोलते त्यांच्याशी. चूक माझी आहे, मी पाय धरते त्यांचे."

"करा, एजे. गाडी सुरू करून बसलेत."

"तू बोल ना! तू सांग, मी बरी आहे म्हणून. सहा तास झोपलीस की नाही?"

"सांगितलं." ती चिडली नव्हती. चिडायला हवी होती. "मी बोलले की म्हणतात, ही बोलत नाही, आजार बोलतोय. रडले तरी आजार. गप्प बसले तरी आजार. आता काहीही केलं तरी आजारच आहे, एजे."

मी सही केली. ती "रहमत" म्हणाली, आभार मानायला चुकली नाही, वळणाची पोर ना, आणि कागदाची शाई फुंकत फुंकत निघून गेली.

महिनाअखेरीच्या बैठकीत तोक्तोसून आगायनी अहवाल वाचला. आमच्या विभागात धोक्यातले सदतीस विद्यार्थी. त्यातल्या छत्तीस जणांवर "लक्ष ठेवून आहोत." एकाच विद्यार्थिनीच्या बाबतीत वेळेवर उपाय झाला, कुटुंबाने लेखी आभार मानले, आणि हे श्रेय वर्गपालकांचं. "बुरूल, उभी राहा की, सगळ्यांना दिसू दे!"

टाळ्या पडल्या. कुबात आगाय मात्र मान खाली घालून बसले होते. मला ओरडून सांगायचं होतं की खोटं लिहिणाऱ्यांची पोरं वर्गात बसलीत, माझीच तेवढी नाहीये. मी उभी राहिले.