रिकाम्या घराचं कुलूप

तपासणीच्या दिवशी सकाळपासून होडीवाल्याच्या बांधावर निम्मं गाव राबत होतं. गवत कापलं, पायऱ्यांना चुना मारला, होड्या घासून धुतल्या. स्वतःच्या घरातली केरसुणी कधी न हलवणारे बाप्ये तिथं फडकी घेऊन बाकडी पुसत होते. उगाच कोण कशाला राबतंय? तळं एकट्या होडीवाल्याचं असलं, तरी त्याच्यावर चुली बऱ्याच जणांच्या पेटायच्या. चहावालीची टपरी तळ्याकाठी, गुरुजींचा जावई गाड्या लावायच्या जागेवर कामाला. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं यायची, होडीत बसून किंचाळायची, आणि गाव त्या किंचाळण्यावर जगायचं.

बांध होडीवाल्याच्या बापानं घातलेला. साधा मातीचा, गुरांच्या पाण्यापुरता. बाप गेल्यावर पोरानं तो वर माती टाकून उंच केला, मग आणखी उंच केला. खाली पायथ्याकडं मात्र कधी बघितलं नाही. जादा पाणी जायच्या सांडव्यातनं विकत आणून सोडलेले मासे पळायला लागले, म्हणून सांडव्याला जाळी ठोकली. तळाच्या पाइपाचं पाणी ओढ्यात नेणारा एक जुना चर होता. तो बुजवून गाड्यांना जागा केली. बांधाच्या पायथ्याला एक तुकडा ऐन उन्हाळ्यातही हिरवागार असायचा. होडीवाला पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा, "बघा, पाणी न घालता हिरवळ. जमीनच भाग्याची."

त्या भाग्याच्या जमिनीला लागून त्याच्या थोरल्या वहिनीचं घर होतं. थोरला भाऊ लवकर गेला. वहिनीला मूलबाळ नाही. आई नसलेल्या या दिराचं नाक पुसण्यापासून लग्न लावण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. या वर्षी ती दोनतीनदा म्हणाली, "भावजी, शेळीच्या गोठ्यात ओल येतीय. आणि त्या हिरवळीतनं झिरपणारं पाणी आधी नितळ असायचं, आता गढूळ येतंय." होडीवाला टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "पाणी नाही गढूळ वहिनी, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय." सगळे हसले. चहावालीनं तर हसता हसता कपातला चहा सांडला. वहिनीही हसली. दिराचं हसं होऊ नये म्हणून बाईमाणूस स्वतःचं हसं करून घेतं, ते तसलं हसणं.

नवा नियम निघाला होता, की बांध तपासून दाखला मिळाल्याशिवाय होड्या चालवायच्या नाहीत. शेजारच्या गावच्या तळेवाल्यानं होडीवाल्याच्या कानात मंत्र सांगितला. इंजिनिअर बाई पहिला प्रश्न विचारतात, की बांधाखाली कोण राहतं? कोणी राहत नसेल तर थोडक्यात सुटका. माणूस राहत असेल तर बांध उकरायला लावतात, हंगाम हातचा जातो.

मंत्र पोटात घेऊन होडीवाला भल्या सकाळी वहिनीकडं गेला. आजचा दिवस आमच्या घरी चला म्हणाला. वहिनी म्हणाली, शेळी अडलीय, आज विणार, तिला टाकून कुठं येऊ? तो उंबऱ्यात घुटमळला. मग जे बोलला ते त्याच्या बायकोनंच लगोलग पाणवठ्यावर सांगितलं, म्हणून गावाला कळलं. म्हणाला, "मग आतच बसा. मी बाहेरनं कुलूप लावतो. तासाभराचं काम. चूल तेवढी पेटवू नका, धूर दिसतो."

वहिनीनं दोरीवरचं लुगडं काढून आत घेतलं, शेळी आत बांधली, कोंबड्या पाटीखाली झाकल्या आणि म्हणाली, "तांब्याभर पाणी तेवढं आत ठेवा."

गावाला हे माहीत होतं? सगळ्यांना होतं. फक्त प्रत्येकानं असं धरलं होतं, की आपल्याला माहीत आहे हे दुसऱ्याला माहीत नाही.

इंजिनिअर बाई आल्या त्या मोटारसायकलवर. ठेंगण्या, उन्हानं रापलेल्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट. सजवलेल्या बाकड्यांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चहा नंतर घेऊ म्हणाल्या. सांडव्याची जाळी हातानं हलवून विचारलं, पुरात यात काटक्या-पाला अडकला तर पाणी कुठनं जाईल? होडीवाला म्हणाला, आम्ही काढतो की. "पुरात उतरून?" एवढंच विचारून त्या पुढं चालायला लागल्या.

मग पायथ्याशी आल्या आणि तोच प्रश्न आला. "खाली ते घर कुणाचं?"

होडीवाला बोलायच्या आधी गुरुजी बोलले. गुरुजींनी जन्मभर पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं. त्यांच्या शब्दाला वजन. "जुनं घर आहे मॅडम. रिकामंच असतं."

"हो, रिकामंच," चहावाली म्हणाली.

बाईंनी कुलपाकडं बघितलं, मान हलवली आणि हिरवळीवर पाय टाकला. पाय बुटासकट घोट्यापर्यंत आत गेला. चिखल झाकायला आदल्या दिवशी आणून अंथरलेली हिरवळीची चकती बाजूला सरकली आणि खालनं पाणी बुडबुडत वर आलं. बाईंनी ते काचेच्या बाटलीत धरून उन्हात बघितलं. चहासारखं गढूळ.

त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, नितळ पाणी झिरपलं तर एक वेळ चालतं, पण हे पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर येतंय. बांध आतनं पोखरतोय. "तळ्यातलं पाणी आत्ताच उतरवायला पाहिजे. पाइप उघडा. चर तुम्ही बुजवलाय, म्हणजे पाणी त्या घरातनं जाईल. घर रिकामं आहे तेच बरं."

होडीवाल्यानं पाइपाच्या चाकावर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच.

"गंजलंय वाटतं," तो म्हणाला.

गुरुजी म्हणाले, तेल आणतो. चहावाली म्हणाली, आधी चहा होऊ दे. कुणाला पाना आठवला, कुणाला फिटर. एक खरं वाक्य सोडून गावानं सगळं सुचवून बघितलं. शेवटी बाईंनीच त्याचा हात बाजूला केला आणि चाकाला हिसका दिला. चाक कुरकुरलं. पाइपाच्या तोंडातनं चिखलाची गुळणी बाहेर पडली.

तेवढ्यात बंद घरातनं कोवळं बें-बें ऐकू आलं.

बाई थांबल्या. गुरुजी घाईनं म्हणाले, "भटकी शेळी शिरली असेल."

"आणि जाताना बाहेरनं कुलूप लावून घेतलं तिनं?"

कोणी हसलं नाही. होडीवाला पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत होता. काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात? ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

माणसाला लाज एकदा गिळता येते. तीच पुन्हा तोंडात घेऊन मोठ्यानं चावायला लागली, की जीव नको होतो. आख्ख्या गावासमोर होडीवाला म्हणाला, "आत माझी वहिनी आहे. कुलूप मी लावलंय."

बाईंनी चाक उलटं फिरवून बंद केलं. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्या खाल्ल्या की हिशेब मिटल्यासारखं वाटतं.

कुलूप निघालं. अंधारातनं वहिनी डोळे मिचकावत बाहेर आली. पदरात ओलं करडू. सगळ्यांकडं बघितलं, दिराकडं बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "झालं का भावजी तुमचं काम?"

दिरानं हातातलं कुलूप पाठीमागं नेलं.

बाईंनी मग कामाला लावलं. आधी चर उकरा, जाळी काढा, मग पाणी हळूहळू सोडू. बांध दुरुस्त होईपर्यंत होड्या बंद. आणि पाणी उतरेपर्यंत या घरात कोणी राहायचं नाही. एरवी हंगाम बुडाला म्हणून गावानं बोंब मारली असती. त्या दिवशी गाव मुकाट फावडी घेऊन चर उकरायला लागलं. मान खाली घालायला तेवढंच निमित्त. सगळ्यात जोरानं उकरत होते ते गुरुजी.

वहिनीनं गाठोडं बांधलं. कोंबड्यांची पाटी जावेच्या हातात दिली, शेळीचं दावं स्वतः धरलं. पदरातलं करडू दिराच्या हातात ठेवत म्हणाली, "मान सांभाळून धरा, कोवळी आहे अजून." दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"भावजी, आता लावा कुलूप. आता खरंच रिकामं आहे."

होडीवाल्यानं एका हातात करडू धरून दुसऱ्या हातानं कुलूप लावायला घेतलं. करडू त्याचं बोट चोखत होतं. समोर लखलखीत ऊन होतं, मोतीबिंदू त्याला नव्हता, पण कडीचं भोक काही केल्या त्याला दिसेना.