ठाकोरभाईंची चौथी तारीख

ठाकोरभाई पंचालांकडे कुठल्याही कामाच्या तीन तारखा तयार असत. मजुरांना सांगायची सगळ्यात अलीकडची, म्हणजे ते पळतात. शेठला सांगायची मधली, म्हणजे तो ओरडला की त्यातून चार दिवस कापून देता येतात. आणि ज्यांचा कारखाना उभा करायचा त्या कंपनीला सांगायची सगळ्यात पलीकडची. चौथी तारीख खरी. ती एका सिमेंटवाल्याने फुकट दिलेल्या खिशातल्या डायरीत शिसपेनने लिहिलेली असे, आणि ती डायरी त्यांनी तीस वर्षांत कुणाच्या बापाला दाखवली नव्हती. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या दहेजच्या खाऱ्या वाऱ्यात त्यांनी सात कारखाने उभे केले ते याच रीतीने. खोटं बोलणं वेगळं आणि तारीख देणं वेगळं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

घरीही तीच तऱ्हा. "निघालोच" याचा अर्थ हेल्मेट अजून डोक्यावर आहे. "सातला येतो" याचा अर्थ नऊ. भरूचच्या घरात मंजुबेन गेली सव्वीस वर्षं नवऱ्याने सांगितलेल्या वेळेत दोन तास मिळवूनच तव्यावर भाखरी टाकत होत्या, आणि त्यांची भाखरी कधी गार झाली नाही.

तर जानेवारीत, उत्तरायणाचा मांजा अजून विजेच्या तारांवर लोंबत असताना, कंपनीचं पत्र आलं. दुसऱ्या युनिटचं सगळं वेळापत्रक यापुढे नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हवं. कुठलं काम, किती दिवसांचं, कुठल्या कामानंतर, सगळं त्यात भरायचं, आणि ते दाखवील ती तारीख खरी मानायची. नवनीतशेठने सॉफ्टवेअर विकत घेतलं, ते चालवायला वडोदऱ्याहून किन्नरी त्रिवेदी नावाची मुलगी नेमली, आणि साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात सगळ्यांना उभं करून भाषण ठोकलं.

"जो हे शिकणार नाही," शेठ म्हणाला, "त्याच्यासाठी आपलं हालोलचं गोदाम आहे. तिथे गंजलेले नटबोल्ट निवडायला माणूस हवाच आहे."

नाव घेतलं नाही, पण बघत होता ठाकोरभाईंकडे. मग बाकीचेही त्यांच्याकडेच बघू लागले. मेल्यांना तेवढंच हवं होतं. हालोलला गेलेला माणूस साइटवर परत आलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. ठाकोरभाईंना तर साइटच्या धुळीशिवाय झोप लागत नसे. रविवारी घरी बसले की ते ओट्यावरच्या हिंचक्याचे, म्हणजे झोपाळ्याचे, बोल्ट आवळत बसायचे.

आता शेठ नवीन काही आणतो म्हणजे पूजा आलीच. शेठचे पुरोहित गोर महाराज आले. लॅपटॉपला पाटावर बसवलं, झाकणावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, चार्जरच्या वायरला लाल धाग्याची नाडाछडी बांधली.

"महाराज, कीबोर्डवर तांदूळ नका टाकू," किन्नरी कळवळली.

"तांदूळ नाहीत, अक्षता आहेत."

"आत गेल्या तर बटणं दाबली जाणार नाहीत."

"देवाच्या कृपेने दाबली जातील," म्हणत महाराजांनी अजून एक मूठ टाकली.

मग शेठने फर्मावलं, "पहिली ओळ लिही, श्री गणेशाय नमः."

"शेठ, यात फक्त कामं लिहायची असतात."

"मग हे काय बिनकामाचं आहे? आमच्या आजोबांपासून एक वही या नावाशिवाय उघडलेली नाही. लिही. आणि बाकीची सगळी कामं त्याच्या मागून जोड. देवाच्या आधी कुणी नाही."

पोरीची पहिली नोकरी. तिने लिहिलं आणि जोडलं. त्या सॉफ्टवेअरला खोड अशी की नवीन काम लिहिलं आणि दिवस सांगितले नाहीत, तर ते आपलं आपण पाच दिवस धरतं. पण पेढे वाटले जात होते, तिकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता!

दुसऱ्या दिवशी किन्नरी ठाकोरभाईंसमोर बसली. "काका, टॉवरच्या पायाचं काँक्रीट किती दिवसांचं?"

"कुणासाठी?"

"म्हणजे?"

"म्हणजे विचारतंय कोण? शेठ, कंपनी, का मजूर?"

"सॉफ्टवेअर विचारतंय."

ठाकोरभाई विचारात पडले. या पार्टीला द्यायची तारीख त्यांच्याकडे नव्हती. "तुझ्या त्या यंत्रात तारखेचे खाने किती आहेत?"

"एकच आहे, काका."

"एकच? मग कसलं हे अडाणी यंत्र!" ते उखडले. पण हालोलचं गोदाम डोळ्यांपुढे होतं. यंत्र कंपनीला दाखवायचं आहे ना, मग कंपनीचाच आकडा द्यावा, असं ठरवून त्यांनी दहाला वीस आणि बाराला पंचवीस असे धडाधड दिवस सांगून टाकले. किन्नरीने सगळं भरलं, एक बटण दाबलं, आणि पडद्यावर पट्टेच पट्टे पसरले. शेवटचा पट्टा थेट लाभपाचमीला जाऊन टेकला.

शेठने ते पाहिलं आणि त्याच्या घशात फाफडा अडकला. "दिवाळीनंतर? अरे, गोर महाराजांनी अखात्रीजेचा, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त दिलाय! मी कंपनीत सांगून बसलोय! त्या यंत्राला सांग, अखात्रीज."

"त्याला असं सांगता नाही येत, शेठ. दिवस कमी केले तरच..."

"मग कर की कमी! वीस कुणी लिहिलेत? दहा कर. हे पंचवीस? बारा."

दुपारभर शेठची कात्री चालली. आणि गंमत बघा, ठाकोरभाईंनी फुगवलेलं शेठने कापलं, आणि आकडे बऱ्याच अंशी खऱ्याजवळ येऊन बसले. ठाकोरभाईंनी हळूच डायरी उघडून ताडून पाहिलं. सगळं जुळत होतं. त्यांना जरा भीतीच वाटली.

एकच गोष्ट जुळत नव्हती, आणि ती मोठी होती. एकशेऐंशी टनांचा टॉवर क्रेनने उभा करायचा दिवस बरोब्बर होळीच्या आदल्या दिवशी पडला होता.

परांची बांधणारी आणि टॉवरला वर धरून बसवणारी सगळी टोळी दाहोदची. तिचा मुकादम कलसिंग डामोर. होळीच्या आठ दिवस आधी ही माणसं गावाला जातात आणि होळीनंतर आठवड्याने येतात. दहेजमधला एकूण एक कंत्राटदार हे जाणतो, आणि एकाच्याही कागदावर ते नसतं. कागदावर होळीची सुट्टी एक दिवस. का? तर कंपनीला बरं दिसत नाही म्हणून.

"काका, आधीच सांगतो," कलसिंग चहाच्या टपरीवर म्हणाला. "उत्तरायण सोडलं, दिवाळी सोडली. होळी सोडली तर बाप घरात घेणार नाही."

"मी कधी थांबवलंय का तुला?"

"तुम्ही नाही. पण शेठ परवा विचारत होता, नाक्यावर रोजाची माणसं मिळतात का म्हणून."

ठाकोरभाईंचा चहा तसाच राहिला. नाक्यावरची माणसं एका होळीला आणली होती, नऊ वर्षांपूर्वी. परांचीची गाठ कशी मारतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यातल्या एकाचा पाय कायमचा गेला. त्या पोराचं नाव ठाकोरभाईंना आजही आठवतं आणि नको तेव्हा आठवतं.

ते शेठकडे गेले. शेठ म्हणाला, "ठाकोरभाई, तुम्ही वेळापत्रकात डोकं घालू नका. उद्या कंपनीत मीटिंग आहे. तुम्ही फक्त मान हलवायची. तोंड उघडलंत तर परवापासून हालोल."

बाहेर किन्नरी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "काका, वेळापत्रकाखाली 'तयार करणार' म्हणून माझं नाव आहे. यात काही चुकीचं आहे का?"

"एकच दिवस चुकीचा आहे, बेटा."

"मग सांगत का नाही?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "ऊन झालंय, हेल्मेट घाल," आणि निघून गेले.

मीटिंगला कंपनीच्या प्रकल्पप्रमुख शांतला मॅडम होत्या. मंगळुरूच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. भिंतीवर वेळापत्रक लागलं. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे श्री गणेशाय कोण? तुमचे उपकंत्राटदार का?"

शेठ हसला. "मॅडम, ते... देव आहेत."

"पाच दिवस? आणि बाकी सगळी कामं त्यांच्यासाठी थांबलीत?"

कोपऱ्यात कुणाला तरी खोकला आला. किन्नरी टेबलाखाली जायची बाकी होती. शेठने रुमालाने कपाळ पुसलं. "मॅडम, विघ्न यायला नको म्हणून..."

"आलंय ना पाच दिवसांचं," मॅडम म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. मग त्यांचं बोट टॉवरच्या पट्ट्यावर आलं. "हा दिवस नक्की? क्रेन जामनगरहून येणार, एकदाच येणार. ठाकोरभाई, उभा तुम्ही करणार. तुम्ही सांगा."

ठाकोरभाईंनी मान हलवली. ठरल्याप्रमाणे, वरून खाली. शेठने श्वास सोडला. पण ती मान खाली गेली ती वर येईना. खाली किन्नरीची वही होती, आणि तिच्यात तिने टॉवरच्या दिवसापुढे एक प्रश्नचिन्ह काढून त्याला चारदा गिरवलं होतं.

"नाही," ठाकोरभाई म्हणाले.

"ठाकोरभाई!" शेठ म्हणाला.

"नाही उभा राहणार, मॅडम. होळीला माझी माणसं दाहोदला जातात. पंधरा दिवस. दरवर्षी जातात, आम्ही दरवर्षी लपवतो. नाक्यावरची माणसं मी वर चढवणार नाही, मला हालोलला पाठवा नाहीतर खंभातच्या खाडीत टाका. पंधरा ते, आणि तीन दिवस परांची पुन्हा तपासायला, टॉवर अठरा दिवसांनी उभा राहील." त्यांनी खिशातली डायरी काढून टेबलावर ठेवली. "खऱ्या तारखा यात आहेत. बघून घ्या."

मॅडमनी डायरी चाळली. एक पान, दोन पानं. मग चष्मा काढून त्यांनी आपल्या माणसाकडे पाहिलं. "आपली वाफेची लाइन अखात्रीजेला तयार आहे का?"

तो माणूस खुर्चीत लहान झाला. "कागदावर आहे, मॅडम."

"आणि खरी?"

"त्यानंतर दहा दिवस तरी..."

म्हणजे घ्या! टॉवर उभा राहून करणार काय होता, वाफेची वाट बघत बसणार होता. यांनी यांना फसवलं, त्यांनी त्यांना, आणि सगळे मिळून त्या बिचाऱ्या यंत्राला.

मॅडम किन्नरीला म्हणाल्या, "होळीचे पंधरा दिवस सुट्टी म्हणून टाक. टाक ना, बघतेस काय? देवाला शून्य दिवस दे, तो रागावणार नाही."

किन्नरीने टाकलं, परांचीचे तीनही धरले. अठरा दिवस वाढले, गणपतीचे पाच परत आले. आणि ठाकोरभाईंनी डायरीतलाही एक दिवस सोडला, कारण खऱ्या तारखेतसुद्धा त्यांनी एक स्वतःसाठी लपवलेला होता. शेवटचा पट्टा बारा दिवस पुढे सरकून वैशाखी पुनवेला थांबला.

शेठ पुढे वाकून बघत राहिला. मग त्याने घसा साफ केला. "पुनव चालेल. गोर महाराजांनी तोही मुहूर्त दिलेला आहे."

"कधी?" ठाकोरभाईंनी विचारलं.

"तेव्हाच. दोन दिले होते. दुसरा मी... जवळ ठेवला होता."

हे ऐकून ठाकोरभाई शेठकडे असे बघत राहिले की शेठनेच नजर चुकवली. गाडीत बसताना शेठ एवढंच बोलला, "हालोलला दुसरा कुणीतरी बघतो. पण ठाकोरभाई, यापुढे मलाही तुमची डायरीतलीच तारीख द्यायची."

"तुम्ही तिच्यातून चार दिवस कापाल."

"नाही कापणार."

"बघू," ठाकोरभाई म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला. कधी नव्हे ते आधी घड्याळ पाहिलं, रस्त्यातला टँकरांचा खोळंबा धरला, खारी शिंग, म्हणजे भरूचचे खारे दाणे, घ्यायची दहा मिनिटं धरली. "मंजु, सातला येतो."

"बरं," मंजुबेन म्हणाल्या.

सातला दोन मिनिटं कमी असताना ठाकोरभाई दारात उभे होते. दाराला कुलूप. शेजारच्या कोकिळाबेन खिडकीतून म्हणाल्या, "भजनाला गेल्यात. म्हणाल्या, सातचा फोन आलाय, म्हणजे नऊपर्यंत काळजी नाही." ठाकोरभाई ओट्यावरच्या हिंचक्यावर बसले. शिंग खाल्ली. हिंचक्याचे बोल्ट तपासले, घट्ट होते. सांगितलेल्या वेळी येऊनही आपण स्वतःच्या घराबाहेर, याचा राग कुणावर काढावा ते त्यांना कळेना.

साडेआठला मंजुबेन आल्या. फाटक उघडलं, हिंचक्यावर नवरा दिसला, आणि त्या जागच्या जागी थिजल्या. हातातली प्रसादाची वाटी कलंडली.

"अगं, काय झालं?" ठाकोरभाई उठले.

"तुम्ही सांगा काय झालं! एवढ्या लवकर?" त्यांचा आवाज फुटला. "काढलं ना शेठने? हालोलला धाडलं?"

"कुणी धाडलं नाही. सातला येतो म्हणालो, सातला आलो."

मंजुबेननी जवळ येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग पदराने डोळे पुसत त्या कुलूप उघडू लागल्या आणि म्हणाल्या, "माझ्यापासून लपवू नका हो. हालोल तर हालोल. मी येईन बरोबर."

ठाकोरभाईंनी तोंड उघडलं, पण सव्वीस वर्षांनंतर ही गोष्ट पटवून द्यायला किती दिवस लागतील, याचा आकडा त्यांना डायरीतसुद्धा सापडला नसता. ते मुकाट्याने आत गेले आणि पाट मांडून बसले.