चार किलोंचं तेज

"आठ दिवसांपूर्वी बावन्न किलो. आणि आज? छप्पन्न!"

काट्यावरचा आकडा मंचामागच्या पडद्यावर झळकला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. काट्यावर उभे होते एक म्हातारे घड्याळजी, वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाचं जुनं दुखणं. शेजारी रेशमी अंगरख्यातले चूर्णमहाराज.

"डॉक्टर गोळ्या देतात, माणूस सुकतो! मी चूर्ण देतो, माणूस भरतो! रोग बाहेर, तेज आत!"

तिसऱ्या रांगेत घड्याळजींची सून बसली होती. बाई शिवणकाम करायची, नुसत्या नजरेनं माप सांगायची. तिचे हात काही टाळीला उचलेनात. मंचाच्या जेमतेम तीन पायऱ्या, पण त्या चढताना मामंजी दोनदा थांबले होते. तेज चढलेल्या माणसाला पायरी का चढवेना?

घरी आल्यावर तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. "अहो, मामंजी हल्ली खुर्चीत बसूनच झोपतात. आडवं झालं की दम कोंडतो म्हणे."

"महाराज म्हणालेत ना, तेज वाढलं की झोप उडते."

"आणि लघवीची गोळी बंद केलीय, ती?"

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असंही म्हणालेत."

महाराजांकडे प्रत्येक प्रश्नाला तयार कपडा होता. अंगाला बसो न बसो.

पुढच्या सभेत घड्याळजींनी नवा सदरा घालून साक्ष द्यायची होती. तिनं माप घ्यायला टेप काढली, जुनी मापवही उघडली आणि चमकलीच. कंबर तीन इंचांनी वाढलेली, दंड मात्र अर्ध्या इंचानं उतरलेला. अंगात मांस भरलं असतं, तर दंड कसा उतरेल? तिनं खाली पाहिलं. चपलांचे पट्टे पायांत रुतले होते. नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं. आधी आंबट, मागून निव्वळ मीठ.

"मामंजी, खरं सांगा, बरं वाटतंय तुम्हाला?"

घड्याळजींनी मान खाली घातली. "नाही गं. पण एवढी माणसं टाळ्या वाजवतात. नाही कसं म्हणू?"

तिनं नवऱ्याची वाट पाहिली नाही. रिक्षा बोलावली आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि लगेच ऑक्सिजन लावला. "हे चार किलो म्हणजे पाणी आहे. हृदयाचा पंप थकलाय. चूर्णातलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि ते बाहेर काढणारी गोळीच तुम्ही बंद केलीत. फुफ्फुसांतही पाणी चढलंय. आणखी उशीर झाला असता, तर जिवावर बेतलं असतं."

इंजेक्शनांनी पाणी उतरलं. पाचव्या दिवशी घड्याळजी एका उशीवर आडवे होऊन घोरले. नवरा वडिलांच्या पायथ्याशी बसून गोळ्यांच्या वेळा लिहून घेत होता.

सभेच्या दिवशी सून एकटीच मंचावर गेली.

"या सूनबाई! सांगा लोकांना, सासऱ्यांचं काय झालं!"

"सांगते." तिथं दुसऱ्या एक आजी साक्षीला बसल्या होत्या, त्यांचंही वजन वाढलेलं. त्यांना विचारून सुनेनं त्यांची नडगी दाबली. पडद्यावर भला मोठा खड्डा दिसला. "महाराज, हे तेज की पाणी?"

"अश्रद्ध हात लागला की खड्डा पडतोच!"

"मग तुमच्या हातानं दाबा."

महाराजांचा हात काही पुढं झाला नाही. मग कुणीतरी वाकून आपल्या आईचा पाय दाबून पाहिला, मग दुसऱ्यानं. आजींचा मुलगा धावत मंचावर चढला आणि आईला घेऊन सरळ इस्पितळाकडे निघाला. लोक प्रश्न विचारायला पुढं सरसावले, तोवर महाराज मागच्या दारानं पसार!

आता घड्याळजी रोज सकाळी लघवीला जाऊन आले की, चहाआधी वजन करून लिहून ठेवतात. मीठ बेतानं, गोळी वेळेवर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर सून डॉक्टरीणबाईंना फोन करते. हृदयाच्या रोग्याचे पाय सुजले, दम वाढला, झोपताना एका उशीच्या तीन उशा लागू लागल्या, तर तो कृपाप्रसाद नव्हे, धोक्याची सूचना आहे. अशा वेळी डॉक्टर गाठा, मनानं औषध बंद करू नका. आणि अमक्याला बरं केलं असं कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्या अमक्याला जरा बाजूला घ्या आणि त्यालाच विचारा.