सुकरीचा पाय, ललिताचा हात

मी धान कांडायची एक जुनी ढेकी आहे. मित्रांनो, तुम्ही मला बहुधा पाहिलेलंही नसेल. एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावात, पडवीच्या कोपऱ्यात मी असते. ऐनाच्या लाकडाचा लांब ओंडका, एका टोकाला मुसळ, त्याखाली जमिनीत पुरलेलं उखळ. दुसऱ्या टोकावर पाय दिला की मुसळ वर जातं, पाय काढला की धानावर पडतं. मला दोन माणसं लागतात. एक पाय देणारं आणि दुसरं, दोन घावांच्या मध्ये उखळात हात घालून धान फिरवणारं.

कोलूने मला घडवलं, त्याच्या बायकोने, सुकरीने चालवलं. तिच्या पायाखाली मला गुंगी यायची. मी पुन्हा झाड व्हायचे, अंगावरून वारा जायचा. मग गावात गिरणी आली आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. राग आला मला, खोटं कशाला बोलू!

मागच्या हिवाळ्यात कोलू तापाने गेला. सुकरीचं बोलणंच थांबलं. सून ललिता मायेने म्हणाली, "आत्या, तू काईच करू नको. बसून राह्य." मोहाची फुलं वेचायलाही तिला कोणी नेलं नाही. ती माझ्याजवळ बसून असायची. जेवण नाही, झोप नाही. डोळ्यांत नुसतं धुकं. ही पण जाते की काय, असं मला वाटायचं.

एकदा वादळात विजेचे खांब पडले. गिरणी बंद, घरात तांदूळ नाही. ललिता धान घेऊन आली.

"आत्या, जरा पाय दे ना. मले एकटीले होत नाई."

सुकरी स्वप्नात असल्यासारखी उठली. पहिले घाव वेडेवाकडे पडले. मुसळ ललिताच्या बोटांना चाटून गेलं. तरी तिने हात काढला नाही.

"काऊन वो आत्या? माह्या हातावर ध्यान ठेव."

आता सुकरीला बघावंच लागलं. घाव, हात, घाव, हात. तिचा श्वास फुलला, कपाळावर घाम आला. मीही हळूहळू लयीत डोलू लागले.

"हात सांभाळ, पोरी!" सुकरी एकदम ओरडली. कोलू गेल्यापासूनचे तिचे पहिले शब्द. ललिता उखळाशीच रडत बसली. त्या दिवशी सुकरी पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

दुःख गेलं नाही, मित्रांनो. ते कोलूएवढंच मोठं आहे. पण तुमच्या घरात कोणी असं गप्प बसलं, तर मायेपोटी त्याचे हातपाय बांधू नका. त्याला सोबत घ्या, थोडं घामेजू द्या.

गिरणी आता सुरू झाली आहे. ललिता पोतं उचलून निघाली, तर सुकरी माझ्यावर पाय ठेवून उभी.

"कुठी चालली वो? आधी हात घाल."