गुलाबी कोणतं

बॉनेटवर टेकवलेला हात तिनं झटकन उचलला. पत्रा अजून तापलेला होता. गाडी अंगणात लावून वीस मिनिटं झाली होती आणि तेवढ्यात ती चार वेळा आत-बाहेर करून आली होती. आत जायची, पेला भरायची, तो तसाच ओट्यावर ठेवून पुन्हा बाहेर यायची. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफ थेट तोंडावर येते, हे तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. म्हणून थांबणं आलं. आणि आज नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकला होता. मागच्या सीटवर डायलिसिस करून थकलेल्या मास्तरीणबाई डोळे मिटून पडल्या होत्या. दिवसाआड ती तीन पेशंटना पहाटे इस्पितळात न्यायची, पाच तास बाहेरच्या बाकावर काढायची आणि दुपारी एकेकाला दारात सोडायची. नवरा बोटीवर, सहा सहा महिने पाण्यावर. घर या चार चाकांवर चालत होतं. काटा चढताना पाहून तिनं भर उन्हात हीटर लावला, खिडक्या खाली केल्या. इंजिनची उष्णता आत ओढून घ्यायची ही युक्तीसुद्धा सासऱ्यांचीच.

मास्तरीणबाईंनी एक डोळा उघडला होता. "काय गं, आज मला भाजूनच घरी पोचवतेस की काय?"

"थंडी वाजते ना तुम्हाला नेहमी, म्हणून लावला."

"वाजते. पण अशी लाह्यांसारखी फुटेपर्यंत नको गं."

तीही हसली होती. पण हसताना तिची नजर काट्यावरून हलली नव्हती. रस्त्याच्या मध्येच गाडी बंद पडली असती तर? तीन आजारी जीव, वर ऊन, आसपास सावलीला झाड नाही. हा विचार पायात शिरलेल्या काट्यासारखा तिच्याबरोबर घरापर्यंत आला होता.

पत्रा निवला. तिनं बॉनेट उचललं. बाजूच्या टाकीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं गुलाबी पाणी असायला हवं होतं, सरबतासारखं स्वच्छ. तिथं चिखलात दूध सांडावं तसं काहीतरी होतं. तिनं झाकण काढून काडी बुडवली. काडीला तपकिरी, बुळबुळीत साय आली.

ते काय आहे हे तिला सांगायला कुणी नको होतं. गुलाबी कूलंटमध्ये हिरवं पडलं होतं.

तिनं काडी कुंपणापलीकडे टाकली आणि पुन्हा उचलून आणली. कुत्री चाटतात, कूलंट गोड लागतं, आणि ते विष असतं. तिनं ती कागदात गुंडाळली. कागद हातात घेऊन ती अंगणात नुसतीच फिरत राहिली.

सासऱ्यांना सगळी गल्ली मिस्तरी म्हणायची. पस्तीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या पोटाखाली झोपून काढली होती. आता उभं राहायला गुडघ्यांची परवानगी लागायची, पण सुनेच्या गाडीला परक्याचा पाना लागू दिला नव्हता. एअर फिल्टर फेकायचा नाही, सायकलच्या पंपानं उलटी हवा मारून आणखी एक मोसम वापरायचा. वायपरचा दांडा बदलायचा नाही, नुसतं रबर घालायचं. कूलंट तयार मिसळलेलं आणायचं नाही. घट्ट घ्यायचं आणि घरी निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालायचं. "बाटलीत अर्धं पाणीच असतं," ते म्हणायचे. "पाण्याचे आणि बाटलीवरच्या चित्राचे पैसे आपण कशाला द्यायचे?"

जिन्याखाली दोन पांढरे कॅन असायचे, एकाच मापाचे. गुलाबी तिच्या गाडीचं, हिरवं शेजाऱ्याच्या जुन्या जीपचं. पहिल्याच वर्षी त्यांनी तिला बजावलं होतं, "या दोघी सवती आहेत. एका घरात नांदायच्या नाहीत. एकत्र आल्या की सगळं नासवतील."

आणि आता?

आता तिनं दुपारीच, शेवटच्या पेशंटला दारात सोडल्यावर, कोपऱ्यावरच्या मोठ्या वर्कशॉपला फोन केला होता. चारची वेळ मिळाली होती. सव्वातीन वाजले होते. मिस्तरींच्या घरची गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहिलेली सगळी गल्ली बघणार. आणि तेही बघणार.

"आलीस? जेवलीस की नाही?"

फाटकातून मिस्तरी आले. हातात जीपचा फिल्टर, सदऱ्यावर धूळ.

"जेवते हो."

"जेवते म्हणजे नाही जेवलीस. बॉनेट का उघडलंय?"

"काटा वर जातोय, बाबा."

"किती?"

"मधल्या रेघेच्या वर. बोटभर."

ते लगेच पुढं वाकले नाहीत. आधी वरच्या नळीवर हात ठेवला, मग खालच्या. नळ्या दाबून पाहिल्या. कान पंख्याकडे लावला. टाकीकडे मात्र त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. गेल्या दोन महिन्यांतल्या बारीकसारीक गोष्टी तिच्या डोळ्यांपुढून सरकल्या. ऑइलची पट्टी ते नाकाशी नेऊन पाहायचे. भर दुपारी दिवा लावायचे. चहा कपाच्या काठावर ओतला गेला की कपालाच शिव्या द्यायचे.

"कूलंट कमी झालं असेल," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात भरलं होतं मी, पुन्हा भरू."

"आता नको. आधी बघू या तरी."

"त्यात काय बघायचं? नवी आलीस तेव्हा टायरला चाक म्हणायचीस, आणि आता मला शिकव."

"म्हणायचे. आणि तुम्ही आठ दिवस गल्लीभर सांगत फिरला होतात."

"सांगणारच. गंमत होती."

एरवी हे असंच अर्धा तास चाललं असतं. त्या दोघांचं भांडण हा या घरचा रेडिओ होता. आज तिचं लक्ष लागेना. एकदा घड्याळाकडे, एकदा त्यांच्या पापण्यांकडे असं तिचं चाललं होतं.

"बाबा, गुलाबी कॅन आणता?"

ते जिन्याखाली गेले. वाकले, हात घातला आणि डाव्या बाजूचा कॅन उचलला. शोधला नाही, पाहिला नाही. रोज देवळात जाणाऱ्याचा हात जसा न बघता घंटेपर्यंत जातो, तसा त्यांचा हात डावीकडे गेला.

आणि तिला आठवलं. महिन्यापूर्वी तिनं जिन्याखालचं झाडून काढलं होतं. कोळिष्टकं काढली, फरशी पुसली, दोन्ही कॅन बाहेर ओढले आणि परत लावले. कोणता कुठं ठेवला, हे पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच काय होती?

मिस्तरींनी काचेच्या पेल्यात थोडं ओतलं आणि तो उन्हाकडे धरला. पेल्यात कोवळ्या गवतासारखा हिरवा रंग झळाळला.

"बघ," ते म्हणाले. "कसा गुलाबाच्या पाकळीसारखा आहे. यात खोट काढून दाखव."

त्यांची बोटं पेल्याभोवती घट्ट होती, नखांच्या कडा काळ्या, आणि डोळे उन्हाकडे असूनही मिटत नव्हते.

"हो," ती म्हणाली. "अगदी."

पेला हवेत तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला.

"हो म्हणालीस?"

तिनं हातातली कागदाची पुडी घट्ट दाबली.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणाले, "पहिल्या फटक्यात हो म्हणालीस. कशाचा रंग आहे हा?"

"बाबा..."

"मी विचारतोय ते सांग."

"हिरवा."

त्यांनी पेला पायरीवर ठेवला. हिशेबानं ठेवला, आधी दुसऱ्या हातानं पायरीची कड चाचपून. स्वतःही तिथंच बसले. गुडघे कुरकुरले, त्यावर आज विनोद झाला नाही.

"चूक माझी आहे," ती घाईघाईनं म्हणाली. "मी झाडलं होतं जिन्याखाली. कॅन मीच हलवले. तुमचा डावा-उजवा मी बिघडवला."

"हलवायचेच असतात. झाडल्याशिवाय घर कसं राहील?" ते म्हणाले. "पण मला दिसायला नको होतं?"

शेजारी कुणीतरी कपडे झटकत होतं. फट, फट, असा आवाज येत होता. ती उभीच होती. बसावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"तुझ्या मागं तीन माणसं बसतात," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आणि मी डावा कॅन, उजवा कॅन करत बसलो. कुणाला सांगितलं तर हातातून पाना काढून घेतील, एवढीच भीती होती. बाकी काही नाही."

"आपण धुऊन काढू. नळी लावते मी."

"आपल्या नळीनं निघायचं नाही ते. साय धरली असेल तर पार आतल्या बारीक नळ्यांत गेलीय. मशीन लागेल." ते थांबले. "कोपऱ्यावरच्या वर्कशॉपला फोन कर."

तिनं कागदाची पुडी या हातातून त्या हातात घेतली.

"केलाय," ती म्हणाली. "दुपारीच केला. चारला बोलावलंय."

तिला वाटलं, आता ते उठून आत जातील. किंवा ओरडतील, जे तिला जास्त बरं वाटलं असतं. ते मान हलवत राहिले, एखादा चांगला आवळलेला नट पाहून हलवावी तशी, थोडी, पुन्हा थोडी.

"मग ऐक. त्यांना रंग बघून भरू देऊ नकोस. आमच्या वेळी एकच हिरवं असायचं, आता जो तो आपल्या मर्जीनं रंग घालतो. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच भरायला सांग. पुस्तक कप्प्यात आहे."

"माहीत आहे."

"माहीत असू दे. आणि तयार मिसळलेलं माथी मारतील. घ्यायचं नाही. घट्ट वेगळं, डिस्टिल्ड वॉटर वेगळं."

"भांडू का त्यांच्याशी?"

"तुला ते सांगावं लागतं होय?"

तिनं बॉनेट पाडलं. कोपऱ्यापर्यंतचाच रस्ता होता, काटा चढायच्या आत पोचता येणार होतं. चावी लावली, पण फिरवली नाही. आरशात तिला ते दिसत होते. पायरीवरून उठून ते नळाशी गेले होते. साबणाची वडी घेऊन एकेक नख दुसऱ्या नखानं खरवडत होते. जेवणाआधीसुद्धा नुसतं पाण्याखाली धरून झटकायचे ते हात, आज थांबतच नव्हते.

"परवा," तिच्याकडे पाठ करून त्यांनी हाक दिली, "तुझ्या गाडीत एक जागा होईल का? त्या इस्पितळात डोळ्यांचंही बघतात ना?"

"बघतात." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पहाटे साडेपाचला निघते मी."

"मागं बसेन. पेशंटसारखा."

त्यांनी हात पाण्याखाली धरले, मग वर करून बोटं पसरली, आणि न दिसणारं काहीतरी तिला दाखवत असल्यासारखे गाडीच्या दिशेनं केले.

"परवापर्यंत निघेल का गं हे काळं?"