थोरल्याचा शब्द

आकाराम आबांना त्यांच्या घरानं नीट बसवलं होतं. हे मी वाकड्यात बोलत नाही. नानासोनं, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलानं, त्र्याहत्तरच्या दिवाळीला कोरेगावच्या बाजारातून वेताची खुर्ची आणली, ओसरीच्या उजव्या अंगाला मांडली आणि बापाला सांगितलं, "आबा, आता तुमी बसायचं. लय राबलासा."

आबा फौजेतून हवालदार होऊन आलेले, नंतर वीस वर्षं नांगर धरलेले. सत्तरी गाठली तरी कोरेगावला चालत जाऊन चालत यायचे. पण आमच्या पट्ट्यात उसाचं पाणी लागलेल्या घराला एक भीती फार असते. म्हातारा रानात वाकलेला दिसला, तर भावकी म्हणते, पोरं जेवायला घालत नाहीत वाटतं. त्यामुळं ज्याचं घर मोठं, त्याचा म्हातारा तितका गच्च बसलेला.

माझं शिलाईचं मशीन त्यांच्या ओसरीच्या समोर. हात बाहीत असला तरी डोळे मोकळे असतात, आणि मला मोजायची खोड आहे. एका सकाळी मी मोजलं. आबांना अकरा वेळा 'बसा' म्हटलं गेलं. सहा वेळा सून बनुबाईनं, तीनदा नानासोनं, दोनदा रस्त्यानं जाणाऱ्यांनी. वासरू सुटलं म्हणून उठले, 'बसा'. पाणी प्यायला उठले, 'बसा, आणते की'. आबांनी मुलाला पेरणीचं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते बघतो मी, तुमी कशाला डोकं शिणवताय?" डोकं न शिणवता दोन वर्षं गेली. रानात काय उगवतं, ते आबांना ताटात आल्यावर कळायचं.

पंचाहत्तरच्या मार्गशीर्षात माणदेशातून अर्जुना धनगर मेंढरं घेऊन आला. दिवाळी झाली की ही माणसं पश्चिमेला उतरतात. शेतकरी धान्य देऊन त्यांची मेंढरं रात्री आपल्या रानात बसवतात, तेवढंच लेंडीखत. अर्जुना स्वतः आबांच्या वयाचा. पण त्याच्याकडं खुर्चीचा प्रश्न नव्हता, कारण तो थांबतच नव्हता. दीडशे मेंढरं, तीन मुलं, सुना, घोडी, सगळं त्याच्या 'चला'वर चालायचं आणि त्याच्या 'हितं'वर थांबायचं. पुढं कोण चालतंय ते बघा, की कळपाचा मालक कळला.

नानासोनं त्याला वाटेत गाठून दोन रात्रींचं ठरवलं होतं, पण कुठल्या रानात ते सांगितलं नव्हतं. 'सांजच्याला घरी ये, दावतो,' म्हणाला, आणि स्वतः साताऱ्याला कुणाच्यातरी लग्नाच्या सुपारीला गेला तो मुक्कामालाच राहिला.

दिवस कलताना अर्जुना ओसरीपुढं आला. बनुबाई दारातून म्हणाली, "मालक न्हाईत. उद्या येत्यात."

"मालक ऱ्हाऊ दे, बाय. घरात थोरलं कोण हाय?"

असा प्रश्न त्या दारात बऱ्याच दिवसांनी आला होता.

आबा खुर्चीतून पुढं सरकले. "मी हाय. काय पायजे?"

अर्जुनानं काठी भिंतीला टेकवली, डोक्याची पगडी सारखी केली. "मेंढरं कुठल्या रानात बसवू, आबा?"

शहाणा माणूस म्हणाला असता, नानासो आल्यावर बघू. पण दोन वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. आबांचा आवाज एकदम फौजेतला झाला. "ओढ्याकडच्या रानात. दरसाली मी ते मेंढरांसाठीच मोकळं ठेवतो."

बनुबाई म्हणाली, "आवं मामंजी, त्यात..."

"गप. इचारलंय मला."

सून आत वळली. सासऱ्याला तोंडावर खोटं पाडायचं त्या घरात शिकवलेलं नव्हतं. उठू द्यायचं नाही, एवढंच शिकवलेलं होतं.

पुढचं मला अर्जुनाच्या बायकोनं, हरणाबाईनं, नंतर बाजारात भेटल्यावर सांगितलं. रानात शिरताना तिनं माती चिमटीत धरली आणि म्हणाली, "धनी, रान पेरल्यागत लागतंय." अर्जुनालाही तसं वाटलं होतं. जन्म मातीवर गेलेला माणूस, त्याला कळणार नाही? पण तो म्हणाला, "घरच्या थोरल्यानं तोंडानं सांगितलंय. त्याच्यापरास तू शाणी? त्याला आपलं रान ठावं नसंल व्हय?"

आणि दीडशे मेंढरं चार दिवसांपूर्वी पेरलेल्या गव्हावर बसली.

सकाळी नानासो एसटीतून उतरला, मेंढरं कुठं बसली ते त्याला फाट्यावरच कळलं, तो थेट ओढ्याकडं. आम्ही चारपाच जण मागं. आरडाओरडा ऐकून आबाही निघाले आणि, मी बघितलंय, बांधावरून झपाझप चालत ते आमच्या आधी पोचले. रान चोपून घट्ट झालेलं. जिथं ढेकूळ फुटलं होतं तिथं पांढरे कोंब मोडून पडलेले.

"कुणाला इचारून बसवलीस रं?" नानासो अर्जुनावर ओरडला. "नवं बी हाय ते! खोडव्याचा ऊस तुटून रान मोकळं पडलंय तिकडं!"

"थोरल्याला इचारलं," अर्जुना म्हणाला.

"मी ठरवलं हुतं न्हवं तुझ्याशी?"

"तुमी ठरवलं. शब्द घरच्या थोरल्याचा घ्यायचा असतोय. आमच्यात तरी तसंच हाय." मग त्यानं आबांकडं तोंड वळवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं. "आबा, रान पेरलंय हे तुमास्नी ठावं न्हवतं?"

सगळे आबांकडं बघायला लागले. नानासो मात्र जमिनीकडं बघत होता.

खरं उत्तर चार शब्दांचं होतं: मला कुणी सांगितलं नाही. आबा ते चार शब्द बोलले असते, तर दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं, की नानासो बापाला घरात विचारत नाही. पोरगं कसंही असलं तरी त्याची मान भावकीत खाली जाईल असं म्हाताऱ्यानं बोलायचं नसतं. हेही आमच्यातच तसं आहे.

"रानात येणं हुत न्हाई," आबा म्हणाले. "गुडघा धरलाय."

लंगडं मेंढरू दीडशेत एका नजरेनं हेरणारा माणूस तो. अर्जुनानं आबांच्या दोन्ही गुडघ्यांकडं बघितलं, दव लागून भिजलेल्या पायांकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"खोडव्यात दोन राती फुकट बसवतो. चूक माजीबी हाय."

"ते ऱ्हाऊ दे," नानासो म्हणाला. "पण पुढच्या खेपंला मला इचारायचं. यास्नी न्हाई."

अर्जुनानं काठी उचलली. "तुमचा बाप जित्ता हाय तवर ते मला जमायचं न्हाई, मालक." आणि त्यानं मेंढरं वळवली ती गावाच्या हद्दीबाहेरच काढली.

मला वाटलं, आता तरी घरात काही बोलणं होईल. झालंही. नानासो वाईट माणूस नाही, हीच तर खरी अडचण. संध्याकाळी तो ओसरीवर आबांपुढं उकिडवा बसला, डोळ्यांत पाणी. "गुडघा कवाधरनं दुखतोय? मला बोलला न्हाईसा ते? मी काय मेलो हुतो?" दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याहून तेल आणि लोकरीचा पट्टा घेऊन आला.

मी बाही सोडून ओसरीवर गेलो. नानासो आत होता. हळूच म्हणालो, "आबा, सांगून टाका की खरं."

"काय सांगू? पोराला खोटं पाडू, का मी खोटा हुतो म्हणून सांगू? तू जा, तुजी बाही शीव."

तेवढ्यात नानासो बाहेर आला. "आबा, गहू परत पेरायला काढलाय बरं का. परवा पेरणार." बापाला सांगून पेरायची ही पहिलीच वेळ.

आबा एकदम ताठ झाले. "आधी कुळव दे. चोपलंय रान. आन वरच्या तोंडानं पाणी सोड, न्हाईतर..."

"ते बघतो मी. तुमी पाय लांब करा."

बनुबाई वाटीत तेल कोमट करून घेऊन आली आणि खुर्चीपुढं बसली. "कंचा दुखतोय, मामंजी?"

आबांनी दोन्ही पायांकडं बघितलं. जरा विचार केला आणि डावा पुढं केला.