मुरलीचे पुढचे पाय

पुढचे पाय एकावर एक आडवे टाकून उभी असलेली गाय पहिल्यांदा आक्काबाईनं पाहिली, शेणाचं टोपलं खाली ठेवलं आणि हात जोडले. "किसनदेवावानी उभी हाय गं माझी बाय!"

झालं. संगमनेरच्या या शिवारात गोठ्यागोठ्यात जर्शी गाई, पण असली कुणाकडं नव्हती. सून निकितानं मोबाईलवर फोटो टाकला आणि दारात चपलांचा ढीग पडायला लागला. गाईची मुरली झाली. बायका गूळ, पुरणपोळ्या, भिजवलेला गहू आणत. देव चिखलात कशाला, म्हणून लेकानं, कानिफनाथानं, तिच्याखाली गुळगुळीत फरशी बसवली. नवरा गेल्यापासून आक्काबाईला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. आता त्याच बायका गाईच्या खुरांना हळदकुंकू वाहून तिच्याही पाया पडत. माणूस म्हणून जे द्यायला गाव तयार नव्हतं, ते गाईच्या आडून देत होतं. आक्काबाईनं ते घेतलं. का घेऊ नये?

सकाळी उठताना मुरली बराच वेळ गुडघ्यांवरच टेकून राहायची. आक्काबाई म्हणायची, "सूर्याला नमस्कार करती."

मग दूध आटलं. देवाचं दूध आटलं की माणसाला डॉक्टर आठवतो.

डॉक्टर मैत्रेयी आल्या तेव्हा गोकुळाष्टमी तोंडावर होती, अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. त्यांनी खुरावरचं कुंकू धुतलं आणि मोठ्या चिमट्यानं आतलं नख दाबलं. मुरलीनं असा हिसडा दिला की दावं तुटता तुटता राहिलं.

"आजी, ही मुरली वाजवत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही पायांची आतली नखं सडत आलीत. त्यांच्यावर भार नको म्हणून पाय आडवे टाकते आणि बाहेरच्या नखांवर तोलते. खायला काय घालता?"

आक्काबाईनं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

"एवढ्या गुळागव्हानं हिचं पोट आंबतं, तो दाह खुरात उतरतो. त्यात ही फरशी. आज खूर कापायला हवेत."

"अष्टमी हू द्या, मॅडम," कानिफनाथ म्हणाला. "पार खालच्या वाडीपातूर सांगावा गेलाय. दोन दिसानं काय हुतंय?"

"तुम्हाला काय होणार? होईल ते तिला."

"आये, तू सांग की मॅडमला!"

आक्काबाई मुरलीकडं बघत राहिली. पाय आडवेच होते. इतके दिवस रोज बघितले तेच पाय. आज पहिल्यांदा तिनं गाईचं तोंड बघितलं. डोळे अर्धे मिटलेले, कान पडलेले. रात्रभर गुडघे ठणकल्यावर सकाळी आपलं तोंड आरशात असंच दिसतं. आपण तर कण्हतो तरी. हिनं कुणापुढं कण्हावं? हिच्या कण्हण्यालाही आपण आरतीच म्हटलं असतं.

"खोड्यात घ्या तिला, कापा ते खूर," आक्काबाई म्हणाली.

"आये, मांडव..."

"मांडवात तू उभा ऱ्हा, पायात पाय घालून! धर ते दावं."

नख तासलं तशी काळी घाण आली आणि असा वास सुटला की नैवेद्य घेऊन आलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले. डॉक्टरांनी चांगल्या नखांखाली लाकडाच्या चकत्या चिकटवल्या, दुखरी नखं जमिनीपासून अधांतरी राहावीत म्हणून.

"म्हंजी आता ती तशी उभी ऱ्हानार न्हाई व्हय?" त्यांच्यातल्या बायडाबाईनं विचारलं.

"न्हाई. गाईवानी ऱ्हाईल."

बायडाबाई ताट झाकून निघून गेली. जाताना पाया पडली नाही.

फरशी उखडली, मऊ माती टाकली. मुरली हळूहळू सरळ उभी राहायला लागली आणि दारातल्या चपला आटल्या. अष्टमीला मांडव शेजारच्या आळीत पडला. आक्काबाईला आवतण नव्हतं. वाईट वाटलं. वाटणारच. वाटलं नाही असं सांगणारा खोटं बोलतो.

पुढं एकदा लांबच्या गावची एक बाई ताट घेऊन आली. गोठाभर नजर फिरवून म्हणाली, "ह्यातली किसनदेवाची गाय कंची?"

मुरली चारी पायांवर उभी राहून कडबा चघळत होती.

"बरी झाली ती," आक्काबाई म्हणाली. "बस. काय आणलंस, पुरनपोळी? आन हिकडं. दोघी खाऊ. आपल्याला खूर न्हाईत."